प्रवासवेड्या माणसाला परवडणारी, उपयोगी भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, वाढदिवस, निवृत्ती किंवा कोणाचा पहिला परदेश प्रवास जवळ आला की वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. किमती अंदाजे आहेत. दुकान आणि हंगामानुसार त्या बदलतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भेट निवडायला सुरुवात कोठून करावी?

आधी तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात: तो माणूस बहुतेक वेळा कशाने प्रवास करतो, त्याचे सामान कोण उचलते आणि रात्री त्याचा मुक्काम कोठे असतो. स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्याला अर्ध्या किलोची वस्तू जड होत नाही. पाठीवर सॅक घेऊन राजमाची चढणाऱ्याला मात्र दोनशे ग्रॅमसुद्धा विचार करून उचलावे लागतात. हॉटेलात उतरणाऱ्याला टॉवेल आणि साबण खोलीत मिळतो. धर्मशाळेत, गडावरच्या देवळात किंवा एखाद्या गावकऱ्याच्या पडवीत झोपणाऱ्याला अंथरुणापासून सगळे स्वतःचे न्यावे लागते.

त्यानंतर ही वस्तू प्रवासात हाताशी येणारी आहे की केवळ प्रवासाची आठवण करून देणारी आहे, हे पाहावे. जगाचा नकाशा छापलेला कप किंवा विमानाच्या आकाराची किल्लीची साखळी दिसायला छान असते, पण माणूस प्रवासाला निघतो तेव्हा ती घरीच राहते. आमचा कल नेहमी बॅगेत जाणाऱ्या वस्तूकडे असतो आणि पुढची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

२. दोनशे-अडीचशे रुपयांत काही चांगले देता येते का?

येते, आणि आमची पहिली पसंती साध्या सुती पंचाला आहे. पंचा वजनाला हलका, घडी केल्यावर मुठीत मावेल एवढा लहान आणि वाऱ्यावर लवकर वाळणारा असतो. जाड टर्किश टॉवेल सकाळी ओला बॅगेत भरला की संध्याकाळपर्यंत कुबट वास मारू लागतो, ती अडचण पंचाला येत नाही. अंग पुसण्याखेरीज तो उन्हात डोक्याला बांधता येतो, एसटीच्या खिडकीतून येणारी धूळ अडवायला तोंडावर घेता येतो, भाकरी गुंडाळायला चालतो आणि कपड्यांची घडी त्यात बांधली की उशीही होते.

निवडताना पंचा उजेडासमोर धरून पाहावा. वीण विरळ असली तरी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे आणि कडा उसवलेल्या नसाव्यात. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन धुण्यांपर्यंत ते पाणी नीट टिपत नाही. म्हणून भेट द्यायचा पंचा आधी घरी दोनदा धुऊन, वाळवून, घडी घालून द्यावा. कोरी वस्तूच द्यायला हवी असा आग्रह येथे धरू नये, कारण धुतलेला पंचा घेणाऱ्याला त्याच दिवशी वापरता येतो.

याच खर्चात कपडे वेगवेगळे ठेवण्यासाठी नाडीच्या कापडी पिशव्यांचा जोडही होतो. जुन्या सुती साडीच्या, तीन मापांच्या, जवळच्या शिंप्याकडून किंवा बचत गटाकडून शिवून घेतलेल्या पिशव्या बाजारातल्या महागड्या संचाइतक्याच उपयोगी पडतात.

३. पाचशे ते हजार रुपयांत एकच वस्तू घ्यायची तर कोणती?

डोक्याला बांधायची विजेरी, म्हणजे हेडटॉर्च. गडावर जाणाऱ्यालाच ती लागते असा समज आहे, पण रात्री रेल्वेच्या डब्यात इतरांना न उठवता बॅग उघडणे, पहाटे अनोळखी गावात बसथांब्यापर्यंत चालणे, गाडीचे चाक बदलणे ही सगळी कामे दोन्ही हात मोकळे असले की सोपी होतात.

विकत घेताना दुकानात ती चालू करून पाहावी. दिव्याचा कोन खाली करता आला पाहिजे, नाहीतर समोर बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो. बटण इतके हलके नसावे की बॅगेत दबून दिवा आपोआप चालू होईल. काही विजेऱ्यांत बटण थोडा वेळ दाबून धरले की ते बंदिस्त होते, ती सोय असल्यास उत्तम. शंभर ते दोनशे ल्युमेन उजेड चालण्यासाठी पुरेसा असतो. खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ लिहिले असेल तर ती पाण्याचे शिंतोडे सहन करते. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत टिकण्याची चाचणी झालेली असते. सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी किमान पहिली पातळी हवीच. अनेक दिवस वीज नसलेल्या भागात फिरणाऱ्याला बदलता येणाऱ्या सेलची विजेरी द्यावी आणि सोबत सेलचा एक जादा संच ठेवावा. इतरांना चार्ज होणारी सोयीची पडते.

४. पॉवर बँक द्यायची आहे. किती क्षमतेची घ्यावी आणि ती विमानात चालते का?

बहुतेकांना दहा हजार एमएएचची पुरते. तिचे वजन साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि नेहमीचा फोन तिच्यावर दीड ते दोन वेळा पूर्ण चार्ज होतो. वीस हजारांची घेतली तर वजन जवळपास दुप्पट होते, म्हणून ती गाडीने फिरणाऱ्याला किंवा दोघा-तिघांत मिळून एक वापरणाऱ्यांना द्यावी.

विमानाचा नियम एमएएचवर नसून वॅट-तासांवर आहे. एमएएचला हजाराने भागून ३.७ ने गुणले की वॅट-तास मिळतात, त्यामुळे दहा हजारांची ३७ आणि वीस हजारांची ७४ वॅट-तासांची होते. शंभर वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक नेता येते, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची चालत नाही. ती नेहमी हातातल्या सामानातच ठेवावी लागते. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडावी लागते. उड्डाणादरम्यान तिच्यावर फोन चार्ज करायला अनेक विमान कंपन्या आता मनाई करतात, हेही घेणाऱ्याला सांगावे. क्षमता ठळक न छापलेली किंवा अक्षरे पुसट झालेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडू शकते, म्हणून रस्त्यावरची बिननावाची घेऊ नये. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिच्यावर आहे ना, हे पाहावे.

५. बहीण शिकायला परदेशी चालली आहे. कोणता अडॅप्टर द्यावा?

ती कोठे चालली आहे यावर ते ठरते. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया आणि दुबईत तीन चौकोनी पिनांची खाच असते. युरोपातील बहुतेक देशांत दोन गोल पिना लागतात. अमेरिका आणि कॅनडात चपट्या पिना, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तिरक्या चपट्या पिना असतात. एकाच देशात राहायला जाणारीला त्या देशाचे साधे, घट्ट बसणारे दोन अडॅप्टर द्यावेत; अनेक देश फिरणाऱ्याला सगळ्या देशांचा एकत्रित अडॅप्टर द्यावा.

सगळ्यांत जास्त गोंधळ पुढच्या मुद्द्यावर होतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १००. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा ‘१००–२४०’ छापलेले असते आणि ते सगळीकडे चालतात. पण घरचा हेअर ड्रायर, इस्त्री किंवा बुडवून पाणी तापवायचा रॉड तेथे नेण्यात अर्थ नसतो.

आम्ही एक जोड सुचवतो: एक चांगला अडॅप्टर आणि आपल्या पिनांचा लहान एक्स्टेन्शन बोर्ड. फोन, लॅपटॉप आणि घड्याळ हे सगळे भारतीय चार्जर एकाच अडॅप्टरवर लागतात. तापणारी उपकरणे त्यावर लावू नयेत, असे मात्र आवर्जून सांगावे.

६. काका रेल्वेने खूप फिरतात, तेही स्लीपरने. त्यांच्या काय उपयोगी पडेल?

वातानुकूलित डब्यात चादरी, उशी आणि पांघरूण मिळते. स्लीपरमध्ये सहसा काहीच मिळत नाही. म्हणून एक पातळ सुती चादर आणि फुंकून फुगवायची उशी ही स्लीपरच्या प्रवाशासाठी नेमकी भेट आहे. सोलापुरी चादर सुंदर आणि टिकाऊ असली तरी रोजच्या प्रवासाला जड पडते. ती गाडीने जाणाऱ्यासाठी ठेवावी.

दुसरी वस्तू म्हणजे साखळी-कुलूप. दीडशे ते अडीचशे रुपयांत ते मिळते आणि खालच्या बाकाखालच्या कडीला बॅग बांधून ठेवली की रात्री झोप लागते. किल्लीऐवजी आकड्यांचे कुलूप घ्यायचे असेल तर आकडे मोठे आणि अंधुक उजेडात दिसणारे असावेत. साठीच्या पुढच्या माणसाला बारीक आकड्यांचा त्रास होतो. रेल्वेची मदतवाहिनी १३९ आहे; तो क्रमांक घरच्या दोन क्रमांकांसह एका कार्डावर ठळक लिहून भेटीबरोबर द्यावा.

७. भाऊ दर आठवड्याला किल्ल्यांवर जातो. त्याच्याकडे सॅक आणि बूट आहेत. आता काय द्यावे?

बूट आहेत हे बरेच झाले, कारण पायाचे माप, पंजाची रुंदी आणि तळव्याची पकड स्वतः पाहिल्याशिवाय बूट घेऊ नयेत. त्याऐवजी चांगले मोजे द्यावेत. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात आणि फोड येतात. लोकरीचे मिश्रण असलेले किंवा लवकर वाळणारे दोन जोड साडेतीनशे ते सातशे रुपयांत येतात आणि ट्रेकर ते नक्की वापरतो.

पावसाळ्यासाठी लोक सॅकचे वरचे आवरण देतात. ते उपयोगी असते, पण पाठीकडच्या बाजूने आणि पट्ट्यांतून झिरपणारे पाणी त्याने थांबत नाही. कपडे खरोखर कोरडे ठेवते ती सॅकच्या आतली, तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी. वीस लिटरची एक आणि फोन व पाकिटासाठी दोन लिटरची एक, अशी जोडी द्यावी. त्याशिवाय मोठ्या आवाजाची शिट्टी पन्नास-शंभर रुपयांत मिळते. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाचा घसा बसतो, शिट्टीचा आवाज टिकतो.

दोर, हार्नेस, कॅराबिनर अशी चढाईची साधने मात्र भेट म्हणून देऊ नयेत. त्यांवर माणसाचा जीव टांगलेला असतो, म्हणून ती कोणत्या मानकाची आणि किती जुनी आहेत हे वापरणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे. विजेरीसाठी प्रश्न ३ पाहावा.

८. आई वारीला निघाली आहे. तिला ओझे न होता काय देता येईल?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघणारी माउलींची पालखी जवळपास तीन आठवडे चालून आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोहोचते. दिंडीचे मोठे सामान ट्रकमध्ये जाते आणि वारकरी हातात किंवा खांद्यावर फक्त दिवसभराचे घेऊन चालतो. म्हणून भेटीचे दोन भाग करावेत.

ट्रकमधल्या सामानासाठी अंथरायचे जाड मेणकापड द्यावे, कारण मुक्कामाची जमीन पावसाने ओली असते. बॅगेवर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक पक्क्या शाईने लिहून द्यावा आणि मुठीला भडक रंगाची कापडी पट्टी बांधून द्यावी. संध्याकाळी ट्रकमधून सामान खाली उतरते तेव्हा शंभर सारख्या बॅगांच्या ढिगात स्वतःची शोधताना थकलेल्या बायकांची किती दमछाक होते, हे जवळून पाहिलेल्यालाच या पट्टीचे मोल कळते.

अंगावरच्या सामानासाठी डोक्यावरून घ्यायचा हलका पोंचो, म्हणजे सैल रेनकोट, द्यावा, कारण त्याखाली खांद्यावरची पिशवीही झाकली जाते. सोबत पायांना लावायला पेट्रोलियम जेलीची लहान डबी आणि लवकर वाळणाऱ्या मोज्यांचा एक जोड द्यावा. नवी चप्पल वारीच्या तोंडावर देऊ नये. द्यायचीच असेल तर महिनाभर आधी द्यावी, म्हणजे ती पायाला सरावते.

९. सासू-सासरे चारधामला चालले आहेत. वारीसाठी सांगितलेल्या वस्तू त्यांना चालतील का?

पोंचो चालेल, बाकीचे वेगळे आहे. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासूनची चढण पायी, घोड्यावर किंवा डोलीतून करावी लागते. तेथे मे-जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी असते. अंगाला चिकटून बसणारे उबदार आतले कपडे, कान झाकणारी लोकरी टोपी, पाणी न शोषणारे हातमोजे आणि टोकाला रबर असलेली लहान-मोठी होणारी काठी या वस्तू द्याव्यात. हातमोजे काढल्याशिवाय मोबाइलचा पडदा चालत नाही, म्हणून बोटांच्या टोकाला वेगळे कापड असलेले मिळाले तर पाहावे.

कापूर हुंगल्याने उंचीवर श्वास सुधारतो या समजुतीने अनेक जण कापराच्या पुड्या देतात. कापराने रक्तातला प्राणवायू वाढत नाही आणि त्याच्या भरवशावर माणूस खाली उतरायला उशीर करतो, म्हणून ती भेट टाळावी. त्याऐवजी निघण्याआधीची वैद्यकीय तपासणी करवून देणे ही वयस्करांसाठी फार चांगली भेट आहे. यात्रेसाठी उत्तराखंड सरकारकडे नोंदणी लागते. ती त्यांच्या वतीने भरून, छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली तर फारसा खर्च न करता मोठे काम होते.

१०. एसटीचा पास भेट देता येतो का?

एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. तो ज्याच्या नावाचा असेल त्यानेच वापरायचा असतो, म्हणून परस्पर काढून ठेवण्यापेक्षा पासाचे पैसे पाकिटात घालून, सोबत सात दिवसांचा एक कच्चा मार्ग आखून देणे चांगले. दर बसच्या प्रकारानुसार आणि हंगामानुसार बदलतो; जवळच्या आगारात तो विचारावा.

देण्याआधी सवलतींचा हिशेब मात्र करावा. पंचाहत्तर वर्षांपुढच्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही राज्यात अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आजोबांना पास देणे व्यर्थ आहे आणि मावशीला तो खरोखर स्वस्त पडतो का, हे तिच्या मार्गाची तिकिटे मोजूनच ठरवावे. ज्याला सवलत नाही आणि जो सलग लांबचे टप्पे करणार आहे, त्या तरुणासाठी ही भेट उत्तम आहे.

११. रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट काढून अचानक दिले तर?

अचानकपणाचा आनंद आम्हांला समजतो, पण तारीख चुकली तर खर्च वाया जातो. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. आरक्षित तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायचे झाल्यास ते सर्वसाधारणपणे आई-वडील, भावंडे, मुले आणि पती-पत्नी यांच्यापुरतेच, गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज देऊन करता येते. मित्राच्या नावावर करता येत नाही.

विमानाच्या तिकिटात अडते ते नाव. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. पासपोर्टवर ते एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या पद्धतीने आणि लग्नाआधीच्या कागदांवर तिसऱ्याच पद्धतीने असू शकते. परदेशाचे तिकीट काढायचे असेल तर पासपोर्टचे पान डोळ्यांसमोर ठेवूनच नाव भरावे, मग गुपित फुटले तरी चालेल.

१२. मित्र स्वतःच्या गाडीने देश फिरतो. त्याच्यासाठी काय?

फास्टॅगमध्ये गाडीच्या क्रमांकावरून पैसे भरता येतात आणि ही सगळ्यांत सोपी भेट आहे. चार-पाच मित्र मिळून देणार असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास विचारात घ्यावा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तो तीन हजार रुपयांत सुरू झाला. खासगी मोटारींसाठी तो एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. पास गाडीला जोडलेला असतो आणि तो फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांना लागू आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत आहेत, म्हणून केवळ याच रस्त्यांवर ये-जा करणाऱ्याला त्याचा फायदा होत नाही.

टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि हवेचा दाब मोजायचे साधन याही चांगल्या वस्तू आहेत.

१३. घरचे खाद्यपदार्थ भेट म्हणून द्यावेत का?

अवश्य द्यावेत, पण टिकणारे आणि लहान पुड्यांत बांधलेले. मेतकूट, भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, आलेपाक, आवळा सुपारी आणि दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या हे पदार्थ प्रवासासाठीच जन्मले आहेत असे वाटावे इतके सोयीचे आहेत. अर्धा किलोची एक पिशवी देण्यापेक्षा एका वेळच्या दहा पुड्या द्याव्यात आणि प्रत्येकीवर नाव, तारीख आणि ‘एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या गरम पाणी’ अशी कृती लिहावी. हॉटेलच्या खोलीत नुसती किटली असली तरी त्याच्या पोटात काहीतरी गरम जाते.

विमानाने जाणाऱ्याला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊ नयेत. त्यांतल्या तेलामुळे त्या ज्वलनशील मानल्या जातात आणि सामानातून काढून टाकल्या जातात. तूप आणि लोणचे हातातल्या सामानात देऊ नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्याने बरोबरचा प्रत्येक खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करायचा असतो, न केल्यास मोठा दंड होतो. तेथे जाणाऱ्याला बिया, ताजी फळे, दुधाचे पदार्थ न दिलेलेच बरे.

१४. प्रथमोपचाराची पेटी द्यावी का? तिच्यात गोळ्या घालाव्यात का?

पेटी द्यावी, गोळ्या घालू नयेत. कोणाला कशाची ॲलर्जी आहे आणि कोणते औषध आधीच चालू आहे हे भेट देणाऱ्याला माहीत नसते. जखमेच्या पट्ट्या, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज, चिमटा, सेफ्टी पिना आणि ओआरएसची पाकिटे एवढे पारदर्शक डब्यात भरावे. सगळे मिळून तीनशे-चारशे रुपयांत होते. ओआरएसचे पाकीट ज्या मापाचे असेल, बहुधा एक लिटरचे, तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. अर्धे पाकीट ग्लासात टाकून पिणे चुकीचे आहे, हे डब्याच्या झाकणावर लिहून द्यावे. डब्यांतली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. गोळ्यांचा कप्पा रिकामा ठेवावा, तो ज्याचा त्याने डॉक्टरांना विचारून भरावा.

१५. विमान प्रवाशाला आणखी काय देऊ नये?

घडीचा चाकू आणि अनेक पात्यांचे साधन हातातल्या सामानात चालत नाही, लायटर तर भारतात हातातल्या किंवा चेक-इनच्या, कोणत्याच सामानात चालत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत द्रव पदार्थांची बाटली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. म्हणून रिकाम्या लहान बाटल्यांचा संच ही चांगली भेट आहे, मोठे अत्तर नव्हे. सामान तोलायचा हातकाटा तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो, आणि देशांतर्गत प्रवासात चेक-इनची मर्यादा बहुधा पंधरा किलो असल्याने तो पहिल्याच फेरीत उपयोगी पडतो. पॉवर बँकेसाठी प्रश्न ४, खाद्यपदार्थांसाठी प्रश्न १३ पाहावा.

१६. अमेरिकेतला मामा ट्रेकर भाच्यासाठी उपग्रहाशी जोडणारे उपकरण किंवा ड्रोन आणायचे म्हणतो. आणू द्यावे का?

दोन्ही नको. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी हातातली उपकरणे आणि उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. इतर देशांत ती ट्रेकर सर्रास वापरतात, त्यामुळे येणाऱ्या पाहुण्याला हे ठाऊक नसते आणि विमानतळावर अटकेची वेळ येऊ शकते. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. पाहिलेले देश खरवडून दाखवायचे जगाचे नकाशे आणतानाही त्यांवर भारताची सीमा बरोबर दाखवली आहे का, हे पाहावे. चुकीच्या सीमेचा नकाशा आपल्या कायद्याला मान्य नाही. मामांना काही आणायचेच असेल तर लोकरीचे उत्तम मोजे आणायला सांगावेत.

१७. एकटी फिरणारी मैत्रीण आहे. तिच्यासाठी वेगळे काही?

घाटरस्त्यांवर बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह सापडणे आजही अवघड आहे, आणि त्यामुळे पाणी न पिता प्रवास करणाऱ्या बायका आपल्याला घरोघर माहीत आहेत. उभ्याने लघवी करता येईल असे कागदी किंवा सिलिकॉनचे साधन, साबणाच्या कागदाची डबी आणि गडद रंगाची, आतून धुता येणारी पिशवी असा संच चारशे-पाचशे रुपयांत होतो. अगदी जवळच्या मैत्रिणीलाच तो द्यावा, पण दिल्यावर तिला त्याचा फार उपयोग होतो. खोलीच्या दाराला आतून लावायची रबरी पाचरही शंभर रुपयांच्या आसपास येते. मदतीचा क्रमांक ११२ आहे.

१८. लहान मुलांना काय द्यावे?

चुंबकाच्या सोंगट्यांची सापशिडी आणि तिकिटे चिकटवायची जाड वही. पाच वर्षांखालच्या मुलासाठी पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली मनगटपट्टी जोडावी.

१९. त्याच्याकडे सगळेच आहे. मग?

मग नवे काही न देता आहे ते नीट करून द्यावे. बहुतेक प्रवाशांच्या घरी एक लाडकी सॅक चेन बिघडली म्हणून माळ्यावर पडलेली असते. चेनचे दात शाबूत असतील तर बहुधा फक्त रनर सैल झालेला असतो. बॅग दुरुस्त करणारा तो थोड्या पैशांत बदलून देतो. नंतर दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला की चेन सहज सरकते. उसवलेल्या पट्ट्यांना दुहेरी शिलाई मारून घ्यावी, सॅक धुऊन सावलीत वाळवावी आणि मग ती परत द्यावी. नव्या वस्तूपेक्षा अशा भेटीने हळवी झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

तो प्रवासात असताना त्याच्या कुंड्यांना पाणी घालण्याची किंवा आई-वडिलांकडे रोज एक फेरी मारण्याची जबाबदारी घेणे हीसुद्धा भेट आहे, आणि म्हातारे आई-वडील घरी असलेल्या प्रवाशाला याहून मोठी कोणती असेल, असे आम्हांला वाटत नाही.

२०. त्यापेक्षा रोख पैसे दिले तर बरे दिसते का?

आपल्याकडे पाचशे एक रुपयांचे पाकीट देण्याची रीत आहेच, त्यामुळे वाईट दिसण्याचा प्रश्न नाही. परदेशी जाणाऱ्याला त्याच देशाच्या चलनातल्या लहान नोटा दिल्या तर उतरल्यावरची बस आणि पाणी यांची सोय होते. त्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडूनच घ्याव्यात.

२१. दिलेली वस्तू त्याच्याकडे आधीच निघाली तर?

पंचा, मोजे, कापडी पिशव्या, ओआरएस या वस्तू दुसऱ्यांदा आल्या तरी वापरल्या जातात. अंदाज नसेल तेव्हा अशाच वस्तूंकडे वळावे. हेडटॉर्च, पॉवर बँक आणि अडॅप्टर यांचे मात्र बिल जपून, किंमत झाकून, वस्तूबरोबर द्यावे आणि बदलून घ्यायची मुदत किती आहे हे देतानाच सांगावे. पुढे बिघाड झाला तर हमीसाठीही तेच बिल लागते, म्हणून त्याचा एक फोटो स्वतःच्या फोनमध्येही ठेवावा.